बिनकामाचं बटण

बेलापुरातलं घर जरीनाच्या नावावर झालं, तरी तिनं शिलाई मशीन काही आत नेलं नाही. नवरा फैयाज टेम्पोतून शेगडी अन् चार भांडी टाकून गेला, तेवढीच. आधी वायरमन, मग बाकीचं. भाड्याच्या खोलीत गेल्या लग्नसराईत बोर्डातून ठिणगी उडाली अन् कुणा नवरीचा शालू पदरापाशी जळाला. त्याच दिवशी जरीनानं कानाला खडा लावला होता: स्वतःच्या घरात वीतभरही जुनी वायर ठेवायची नाही.

गोरक्ष वायरमन लाकडी पट्ट्या उचकटून बघत होता. बोटानं दाबलं की वायरीचं रबर शेवेसारखं चुरून गळत होतं.

"जरीनाताई, हे घर इतकी वर्षं चाललं कशावर?"

"तुम्हीच सांगा."

"पुण्याईवर. करंटचा काय संबंध न्हाई."

एकेक बटण दाबून बघणं चाललं. कुठं दिवा डोळे चोळत उठला, कुठं पंखा कण्हत कण्हत फिरला. स्वयंपाकघरात मात्र बोर्डाखाली एक काळं गोल बटण होतं, बेलचं असतं तसलं. गोरक्षनं दाबलं. काहीच नाही. टेस्टर लावला, तर टेस्टरचा दिवा पेटला.

"करंट तर हाय. मग जातोय कुठं?"

तेवढ्यात दारात एक म्हातारी आली. नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, हातात रिकामा स्टीलचा कप. उंबऱ्याशी ऐसपैस बसली अन् म्हणाली, "आन चहा."

घर घेताना जिचं नाव ऐकलं होतं ती शेजारची आक्काबाई हीच, जरीनानं ओळखलं. दारी आलेल्याला नाही कसं म्हणायचं? तिनं आधण ठेवलं. आक्काबाई चहा फुंकून फुंकून प्याली, "फिका हाय," म्हणाली अन् गेली.

गोरक्षनं बटण पुन्हा दाबलं, दोनदा. आक्काबाई परत हजर, हातात साखरेची वाटी.

"मंग! म्हनलं न्हवतं, फिका हाय!"

ती गेल्यावर जरीना अन् गोरक्ष एकमेकांकडं बघत राहिले. मग गोरक्षनं हळूच तीनदा दाबलं. भिंतीपलीकडं भांडं आदळलं, कडी वाजली, अन् आक्काबाई धावत आली. एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी, हातात लाटणं.

"कोन पडलं? साप निघाला का?"

"कुणी नाही पडलं, आक्का. बटण तपासतोय."

आक्काबाईनं जरा दम खाल्ला. मग लाटण्यानं ठेका धरून म्हणाली,

"एक गं वाजली, चहा चुलीवर
दोन गं वाजल्या, साखर वाटीभर
तीन गं वाजल्या, टाक पाय झरझर!

ज्यानं तुला घर इकलं, त्या कारभारीच्या आईनं बसवलेली घंटी हाय ती. माज्या घरात वाजती. दोन वर्सं झाली, लेक तिला श्रीगोंद्याला घेऊन गेला. घर इकलं, हे गावानं सांगितलं. घंटी कुनी घेतली, ते न्हाई कुनी सांगितलं."

गोरक्षनं मेन बंद केला अन् वायरीचा माग काढला. सामाईक भिंतीच्या भोकातून ती पलीकडं गेली होती, जागोजागी उघडी पडलेली.

"ताई, समद्यात वाईट हीच. ही आधी काढावी लागंल."

आक्काबाई कोरडंच लाटणं पदरानं पुसत राहिली. जरीनाच्या डोळ्यांपुढं जळका शालू आला. मग तिचं लक्ष त्या अनवाणी पायाकडं गेलं.

"काढा," ती म्हणाली.

आक्काबाई उठली.

"बसा हो आक्का! गोरक्षभाऊ, वीतभरही ठेवू नका. अन् त्याच भोकातून नवी ओढा. बटण दोन्हीकडं, बेल दोन्हीकडं. आक्कांनी एकटीनंच किती पळायचं?"

तिसऱ्या दिवशी मशीन आत आलं. जरीना ब्लाउजला बाही लावत होती, तोच डोक्यावरची बेल खणखणली. एक, दोन, तीन! हातातली कात्री तिथंच टाकून, गळ्यातल्या टेपसकट ती अनवाणीच धावली.

आक्काबाई निवांत बसलेली. पुढ्यात दोन कप, दोन्ही भरलेले.

"काय झालं, आक्का?"

"कुटं काय? वायर तपासत हुते."