डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू

मी नागोजीरावांच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू बोलतोय. नावात मोती असला तरी मला अंगठीत बसवून कुणी मिरवत नाही. मी म्हणजे डोळ्यातलं भिंगच, वयाबरोबर गढूळलेलं. थेंब घालून मी जात नाही आणि चष्म्याचा नंबर वाढवून तर नाहीच.

नागोजीराव म्हैसूरचे नावाजलेले शिंपी. पार शहराबाहेरच्या येलवालहून गिऱ्हाईक यायचं. दिसेनासं झालं तेव्हा त्यांनी आधी बल्बाला दोष दिला, मग सुईच्या नेढ्याला, मग दोरा बनवणाऱ्याला. शेवटी माझं नाव निघालं, तर म्हणाले, "पिकू दे. कच्चा काढत नाहीत." जसा काही मी परसातला फणस! माझी काय तक्रार? मी खुशाल वाढलो.

पुढे त्यांच्या लेकीचा, वर्षिणीचा, साखरपुडा ठरला. जावयाचा कोट आपणच शिवणार, हा सासऱ्यांचा हट्ट. कोट निळा, पण एक बाही त्यांनी शेजारच्या काळ्या कापडातून कापली. माझा उजव्यातला भाऊही तितकाच गढूळ, त्यामुळे निळं-काळं सगळं एकच. जावई संकर्षणने तो कोट निमूट घातला. पाहुण्यांनी पाहिलं, फोटोवाल्याने तर दोनदा पाहिलं. बाहीबद्दल बोललं कुणीच नाही, उलट "छान झालाय" म्हणाले. माणसं इतकी सभ्य, की आंधळ्याला खड्डा दाखवायलाही लाजतात.

मग एकदा मशीनची सुई बोटातून गेली. गिरिजाबाईंनी बोटाला पट्टी बांधली आणि नवऱ्याला रिक्षात घालून थेट डोळ्यांचा दवाखाना गाठला.

"पिकायची कसली वाट बघता, नागोजीरायरे?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "फार पिकला तर काढणं अवघड. डोळ्यातला दाब वाढून नजरही जाईल."

आठवड्याभरात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. थोड्याच वेळात माझ्या भावाचे तुकडे होऊन तो बाहेर, त्याच्या जागी इवलंसं नवं भिंग. टाका एकही नाही. शिंप्याला तेवढंच जरा लागलं.

डोळा निवळला आणि नागोजीरावांना भिंतीवरचा साखरपुड्याचा फोटो दिसला.

"गिरिजा, ही बाही काळी?"

"काळीच की हो."

"मग सांगायचं नाही?"

"अय्यो, सांगितलं असतं तर तुम्ही 'बल्ब बदला' म्हणाला असतात!"

काल संकर्षण लग्नाच्या कोटाचं कापड घेऊन आला. "मामा, हाही तुम्हीच शिवायचा."

नागोजीरावांनी कापड पाहिलं. छान निळं होतं. मग उजवा डोळा झाकून माझ्यातून पाहिलं. काळं! मलासुद्धा वाईट वाटलं.

"कापड ठेव इथं," ते म्हणाले. "हा डावा काढून येतो, मगच कात्री धरीन."

उद्या सकाळी माझी पाळी. जाता जाता एकच सांगतो. तुमच्याही घरी माझा एखादा भाऊबंद असेल, तर त्या माणसाला तोंडावर सांगा. नागोजीरावांच्या हट्टाने मला पोसलं, पण त्याहून जास्त पोसलं ते तो कोट पाहून "छान झालाय" म्हणणाऱ्यांनी.