सात नंबरची बाई

पेन्सिलताईंचं म्हणणं असं, की ज्याला माणसाचा चेहरा वाचता येत नाही त्याने चेहऱ्याला हात लावू नये; मग तो न्हावी असो, डॉक्टर असो की कॉम्प्युटर. असं म्हणायचा त्यांना अधिकारही होता. भावाच्या फोटो स्टुडिओत त्यांनी चाळीस वर्षं निगेटिव्हवर पेन्सिल चालवली होती. चेहऱ्यावरचा काळा डाग फिल्मवर उलटा, म्हणजे काचेसारखा आरपार दिसतो. तेवढी जागा टोकदार पेन्सिलीने अलगद भरली, की छापलेल्या फोटोतून डाग गायब. भाऊ फोटो काढायचा आणि ताई माणसं देखणी करायच्या. पेन्सिलीला त्या सुईसारखं टोक काढत, म्हणून कोणीतरी हे नाव पाडलं, आणि खरं नाव मग मतदार यादीपुरतंच उरलं.

भावाला जाऊन सहा वर्षं झाली होती. शिंप्याच्या दुकानावरच्या त्या दोन खोल्यांत आता गिऱ्हाईक येत नव्हतं. होती ती पाकिटांत घातलेली अडतीस हजार निगेटिव्ह. नावांची वही वाळवीने खाल्ली होती, त्यामुळे पाकिटांवर नुसते आकडे, आणि कोणता आकडा कोणाचा हे देवाला ठाऊक. त्यावर उपाय काढला भाचीने. ही भावाची मुलगी; कॉम्प्युटरला बघायला शिकवणं हाच तिचा पेशा. वर्षभर ती सुट्टीच्या दिवशी येऊन एकेका निगेटिव्हचा फोटो घेत होती. मग एका प्रोग्रामने सगळे चेहरे एकमेकांशी ताडून पाहिले आणि एका माणसाचे सगळे फोटो एका ढिगात, असे ढीग लावले. एक किराणा दुकानदार सहा वर्षांचा असल्यापासून पन्नाशीपर्यंत ओळीने पडद्यावर आला, तेव्हा भाची खुशीत म्हणाली, की बघ आत्या, टक्कल पडलं तरी ओळखतो. ताई म्हणाल्या, की त्यात काय मोठंसं, त्याचं टक्कल तर शाळेपासून ठरलेलं होतं.

त्या आठवड्यात भाचीने रजाच घेतली होती. सोमवारी सकाळी पोस्टमन जिना चढून आला. निवृत्त होऊन त्याला आठ वर्षं झाली होती, पण पायऱ्या अजून दोन-दोन चढायचा. या वेळी हातात पत्र नव्हतं. खुर्ची दिली तरी तो उभ्यानेच बोलला.

त्याची नात सात वर्षांची. डाव्या गालावर जन्मापासून अंगठ्याएवढा तपकिरी डाग. आजवर तिचं त्याच्याकडे लक्षही नव्हतं, पण वर्गात कोणीतरी उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि तेव्हापासून पोरीचा तळवा गालावरून हलेना. जेवतानासुद्धा एकाच हाताने जेवायची. शनिवारी शाळेत वर्गाचा फोटो होता, आणि ती म्हणत होती, मी जाणार नाही, या वर्षी नाही आणि कधीच नाही.

“मी तिला म्हटलं, माझ्या ताईलाही अस्साच होता, ह्याच जागी,” पोस्टमन म्हणाला. “आणि आमच्या अख्ख्या घरात तिच्यासारखं धीट कोणी नव्हतं. तर म्हणाली, दाखव. आता काय दाखवू? ताईचा जन्मात एकच फोटो काढला, तो इथे. ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती. दोन वर्षांनी तापाने गेली. घरात फोटो नाही, आणि तिला पाहिलेला मी एकटाच उरलोय.”

ताईंनी चष्मा पुसला आणि सांगितलं, की शुक्रवारी दुपारी नातीला घेऊन या. विचारलं नाही, सांगितलं. भाचीने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू त्यांनी तिच्या वतीने विहिरीत उडी मारली होती.

भाचीला आधी काम सोपं वाटलं होतं. गालावर डाग असलेले चेहरे निवड, असं तिने प्रोग्रामला सांगितलं. निघाले नऊ, आणि नऊच्या नऊ मिशीवाले. पुरुषाच्या गालाकडे स्टुडिओत बघत कोण होतं? मग तिने पोस्टमनचा तरुणपणीचा फोटो दिला आणि त्याच्यासारखी दिसणारी मुलगी शोधायला लावली. प्रोग्रामने शोधून शोधून टपाल कचेरीच्या निरोप समारंभातला खुद्द पोस्टमन काढून दिला. मंगळवार तिथेच संपला.

बुधवारी भाची जरा ओशाळून म्हणाली, की आत्या, तुला एक गंमत दाखवते, पण हसू नको. प्रोग्राम चुकलाय. तिने सात नंबरचा ढीग उघडला. त्यात सहाशे चौदा फोटो होते, सगळे तरुण बायकांचे, आणि प्रोग्रामच्या मते ती सगळी मिळून एकच बाई होती. कधी लांब वेणी, कधी आखूड केस, कधी मोठ्या कॉलरचा कोट. भाचीच्या हिशेबाने ही बाई तीस वर्षं दर महिन्याला एक-दोनदा फोटो काढायला येत होती आणि एका दिवसानेही म्हातारी होत नव्हती.

ताई हसल्या. खुर्ची पुढे ओढून त्यांनी पहिली ओळ पाहिली, मग दुसरी. चौथ्या ओळीपर्यंत हसू विरलं होतं. भुवया दोन्ही बाजूंना सारख्या. गाल धुतल्यासारखे. ओठांचा कोपरा केसभर वर. डोळ्यांतला उजेडाचा ठिपका ठरल्या जागी. चाळीस वर्षं रोज एकेक चेहरा निगेटिव्ह टेकवायच्या त्यांच्या तिरक्या काचेवर आला आणि गेला. सहाशे एकदम शेजारी शेजारी ठेवून कोणी कशाला पाहणार?

“तुझा प्रोग्राम चुकलेला नाही,” त्या म्हणाल्या. “ही एकच बाई आहे. मी केलेली.”

दुसरं कोणी असतं तर दिवसभर कपाळाला हात लावून बसलं असतं. ताईंचा स्वभाव तसा नव्हता. त्यांना वाईट वाटलं, चांगलंच वाटलं, पण वाईट वाटत असताना हात रिकामे ठेवायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी सांगितलं, की म्हणजे पोस्टमनची बहीण ह्याच ढिगात आहे. काखेत कळसा आणि आपण अडतीस हजार पाकिटं हुडकतोय. डाग शोधू नकोस, तो मी झाकलाय. माझी पेन्सिल शोध.

भाचीला कळेना. ताईंनी एक निगेटिव्ह मागवलं, काळ्या पुठ्ठ्यावर ठेवलं आणि टेबलावरचा दिवा अगदी खाली, बाजूला आणला. वरून पाहिलं तर काहीच नव्हतं. बाजूने उजेड पडल्यावर मात्र गालावर बारीक बारीक स्वल्पविराम चमकायला लागले. शिशाची चकाकी ती. छपाईत कधी दिसत नाही, पण फिल्मवर जन्मभर राहते. भाचीने तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं आणि कॅमेरा उचलला.

बुधवारची दुपार आणि गुरुवारची सकाळ दोघींनी सहाशे चौदा निगेटिव्हचे पुन्हा फोटो घेतले, या वेळी तिरक्या उजेडात. पन्नास फोटोंवर ताईंनी स्वतः बोट ठेवून दाखवलं, ही माझी रेघ, ही नाही, हा नुसता ओरखडा, आणि भाचीने त्या त्या जागेभोवती चौकट काढली. त्या पन्नासांवर प्रोग्राम शिकला आणि उरलेल्यांतली पेन्सिल त्याने आपणहून शोधली. मधेच त्याने एका बाईच्या मोत्याच्या माळेला पेन्सिल म्हटलं, तर ताईंनी त्याला असं झापलं, जणू तो हाताखाली नवा लागलेला कारागीर होता. दुपारी भाचीने हुकूम सोडला: डावा गाल, सर्वांत मोठा भरलेला भाग आधी.

पहिली आली ती ताईंना पाहताक्षणी आठवली. हिला भाजल्याचा व्रण होता, आणि तो तोंडाच्या दुसऱ्या अंगाला. मग त्यांच्या लक्षात आलं. पेन्सिल फिल्मच्या ज्या बाजूला लावतात त्या बाजूने पाहिलं तर चेहरा आरशातल्यासारखा उलटा दिसतो, आणि भाचीने तर त्याच बाजूने फोटो काढले होते. एवढी शिकलेली पोर, पण डावं-उजवं कळेना, असं म्हणून ताईंनी मनसोक्त वचपा काढला. भाचीने एक कळ दाबून सगळे चेहरे फिरवले आणि यादी पुन्हा लावली.

आता जी वर आली, तिच्या गालावर अंगठ्याएवढी जागा दाट भरलेली होती. रेघा थोड्या जाड होत्या, हात अजून बसला नव्हता तेव्हाच्या. ताईंनी बोटांवर हिशेब केला. छप्पन्न वर्षं. स्टुडिओतलं त्यांचं पहिलंच साल.

संध्याकाळी चारला निरोप पाठवला, तर साडेचारला पोस्टमन हजर. भाचीने त्याला पडद्यावर फोटो दाखवला. तो पुढे वाकला आणि म्हणाला, की कॉलर तेवढी तिची आहे.

ताईंना राहवेना. त्या म्हणाल्या, की काम बघा, कुठे सांधा दिसतो का? वीस वर्षांची होते मी. आजवर एकाही गिऱ्हाइकाने फोटो परत आणला नाही.

“परत आणला नाही, कारण फाडला,” पोस्टमन म्हणाला. त्याचा आवाज अजिबात चढला नव्हता. “वडील खूश झाले होते. ताईने हातात घेतला, म्हणाली, ही कोण? आणि दोन तुकडे केले. मी तिथेच होतो. तुम्हाला सांगणार नव्हतो.”

ताईंनी पडद्यावरचा चेहरा पुन्हा पाहिला. आपलं काम चांगलं होतं याबद्दल त्यांच्या मनात आजही शंका नव्हती, आणि तेवढंच पक्कं त्यांना हेही कळलं, की त्या मुलीचा राग रास्त होता.

भाचीने हळूच सुचवलं, की मूळ निगेटिव्हला हात लावायला नको. प्रोग्रामला सांगितलं तर तो डाग अंदाजाने पडद्यावर काढून देईल, अगदी खरा वाटेल असा.

“अंदाज नको,” ताई म्हणाल्या. “अंदाजाने मी केलं ते पुरे झालं. खाली खरा आहे.”

त्यांनी टर्पेंटाइनची बाटली काढली, काडीला कापूस गुंडाळला आणि तिरक्या काचेसमोर बसल्या. सत्त्याहत्तराव्या वर्षीही हात थरथरत नव्हता. बाहेरून आत, गोल गोल, त्यांनी स्वतःचीच पेन्सिल पुसली. कापूस करडा होत गेला. फिल्मवर गालाच्या जागी आरपार अशी एक जागा उघडी पडली, कडेला जरा वाकडी, मसुराच्या डाळीएवढी. भाचीने तिचा फोटो घेतला, काळ्याचं पांढरं केलं, आणि पडद्यावर कोणीतरी वेगळीच मुलगी आली. तीच कॉलर, तेच केस, पण आता ती समोरच्याला जोखून पाहत होती. पोस्टमन तेव्हा कुठे खुर्चीवर बसला. “ताई,” तो म्हणाला. हाक पडद्यातल्या ताईला होती.

शुक्रवारी दुपारी नात आली. तळवा गालावर. टेबलावर दोन्ही फोटो छापून ठेवले होते, पुसण्याआधीचा आणि नंतरचा. ताईंनी मुद्दामच तसे ठेवायला लावले होते. मुलीने नंतरचा उचलला आणि खिडकीपाशी नेला.

“हिने हात नाही ठेवला,” ती म्हणाली.

“नाही ठेवला,” पोस्टमन म्हणाला.

मग तिने टेबलावरचा दुसरा पाहिला, आणि दोन्ही शेजारी धरले. “ह्याच्यातला डाग कोणी पुसला?”

पोस्टमन खिडकीबाहेर बघू लागला. ताई म्हणाल्या, “मी.”

“का?”

“मला वाटलं, चांगली दिसेल.”

“तिला विचारलं होतंस?”

“नाही.”

मुलीने यावर नीट विचार केला. “विचारायचं होतंस,” ती म्हणाली.

“हो,” ताई म्हणाल्या. “विचारायचं होतं.”

चाळीस वर्षांत त्यांच्या कामातली चूक कोणी काढली नव्हती, आणि काढली ती या टीचभर पोरीने. ताईंना बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. त्यांनी स्टूल खिडकीच्या उजेडात ओढलं आणि मुलीला विचारलं, की तुझा एक काढू का? नको असेल तर नको. मुलगी फोटो मांडीवर ठेवून स्टुलावर बसली. फोटो पडू नये म्हणून तो दोन्ही हातांनी धरावा लागला.

भाचीने कॅमेऱ्याची कळ दाबली आणि चेहरा लगेच प्रोग्रामला दिला. तो क्षणभर थबकला. मग पडद्यावर दोन चेहरे शेजारी आले, छप्पन्न वर्षांपूर्वीचा आणि आत्ताचा, आणि खाली प्रश्न: ही एकच व्यक्ती आहे का? सात नंबरच्या ढिगाच्या वेळी त्याने असं काही विचारलं नव्हतं, बेधडक सगळ्यांना एक केलं होतं. पोस्टमनचे डोळे भरून आले. भाचीने ताईंकडे पाहिलं. ताईंनी दोघांना मागे सारलं आणि मुलीला पुढे बोलावलं.

“तू सांग त्याला.”

मुलीने प्रश्न एकेक अक्षर लावत वाचला. मग बोट उचललं आणि ‘नाही’वर टेकवलं.

“ती आजोबांची ताई,” ती कॉम्प्युटरला म्हणाली. “ही मी.”