तिसरी ओळ

मी एक वही बोलतेय. मधेच अडखळले तर सांभाळून घ्या, कारण माझी निम्मी पानं आता माझ्याजवळ नाहीत.

माझा जन्म एका बाइंडिंगच्या दुकानात झाला. खाली दुकान, वर राहायच्या दोन खोल्या, मधे कुरकुरणारा लाकडी जिना. माणसं दोनच: म्हातारे बाइंडर आणि त्यांची सून. बाइंडरांचा एकुलता एक मुलगा, म्हणजे तिचा नवरा, साध्या तापाचं निमित्त होऊन दोन वर्षांपूर्वी गेला होता. काम तिनं त्याच्याकडूनच शिकलेलं. तो गेल्यावर दोघं एकमेकांच्या आधारानं राहिली खरी, पण बोलायची ती कामापुरतं. "खळ झाली का?" "झाली, बाबा." एवढ्यावर दिवस निघायचा.

एके दिवशी बाइंडर म्हणाले, "सूनबाई, एक वही शिवून द्या. शंभर पानी. घाई नाही." कशासाठी ते त्यांनी सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही. दुकानात शिल्लक कागद पडलेलाच असतो. तिनं घड्या घातल्या, दोऱ्याला मेण लावलं, शिवून कण्यावर खळ फिरवली, दाबाखाली ठेवलं आणि वरून काळं कापड चढवलं. माझी शिवण इतकी सरळ होती की मला अजून तिचा अभिमान आहे.

इथं त्या दुकानातली एक पद्धत सांगायला हवी, कारण घात झाला तो त्या पद्धतीमुळेच. तिथं चुकांची वही असायची. तीही काळ्या कापडाची, शंभर पानी, अगदी माझी जुळी बहीण म्हणा ना. दिवसभरात कुणाच्या हातून काय चुकलं ते बाइंडर संध्याकाळी तिच्यात लिहायचे आणि शनिवारी मोठ्यानं वाचून दाखवायचे. "मंगळवार. चौथं रजिस्टर, कणा तिरका. सूनबाई. गुरुवार. खळ पातळ. मी." माणूस न्यायाचा, स्वतःलाही सोडायचा नाही. वाचून झालं की विषय संपला. वही भरली की ती उसवायची, पानांच्या पट्ट्या कापायच्या आणि नव्या पुस्तकांच्या कण्यात आतून चिकटवायच्या, म्हणजे कणा मजबूत होतो. लिहिलेली बाजू खळीखाली. जुनी चूक कुणी पुन्हा वाचायची नाही, असा त्या घरचा दंडकच होता.

मी मात्र चुकांसाठी नव्हते. मुलगा गेल्यापासून बाइंडरांची झोप उडाली होती, जेवण चार घासांवर आलं होतं. डॉक्टरीणबाई त्यांना म्हणाल्या, "गोळ्या देते, पण एक काम रोज करायचं. दिवसभरात ज्या तीन गोष्टींनी बरं वाटलं, त्या लिहायच्या. मोठं काही नको. तीन ओळी."

"आमच्या धंद्यात चुकलेलं लिहितात," बाइंडर म्हणाले. "बरं झालेलं कोण लिहितं?"

"मग तुमच्यापासून सुरुवात!"

हे सगळं त्यांनी माझ्या पहिल्याच पानावर उतरवलं, म्हणून मला ठाऊक. नंतर बराच वेळ पेन्सिलीचं टोक चावत बसले. शेवटी लिहिलं: '१. नळाला पाणी वेळेवर आलं. २. गुडघा कालच्याइतका दुखला नाही. ३.' आणि तिसरी ओळ कोरीच राहिली. आठवडाभर ती रोज कोरी. मला तर वाटलं, हे गृहस्थ दोन ओळींवरच माझी बोळवण करणार.

मग एका सोमवारी त्यांनी लिहिलं, '३. सूनबाईंनी न सांगता चष्मा पुसून ठेवला.' लिहिताना टोक मोडलं. त्या दिवसापासून तिसरी ओळ तिच्या नावची झाली. '३. सूनबाईंची शिवण. माझ्या उमेदीतही इतकी सरळ येत नव्हती.' '३. सूनबाई काम करता करता गुणगुणत होत्या. मी ऐकू येत नसल्याचं सोंग केलं.' एकदा नुसतंच, '३. सूनबाई आहेत.'

खोटं कशाला सांगू, लिहिण्याचा गुण आला. दोन-तीन महिन्यांत त्यांना शांत झोप लागू लागली, ताटात मागून घ्यायला लागले, कुत्र्यामांजरांशीही बरं बोलू लागले. मीही जरा फुशारले. पण हळूहळू एक गोष्ट लक्षात आली आणि मी काळजीत पडले. मला सांगितलं की त्यांना वाटायचं, सांगून झालं. वही मिटायची, मन हलकं व्हायचं, आणि सुनेशी मात्र पुन्हा तेच, "खळ झाली का?" तिच्या हक्काचे शब्द माझ्या पोटात साठत होते, आणि मला तोंड नव्हतं.

तिला काय दिसत होतं, तेही ऐका. तेच स्टूल, तीच पेन्सिल, कपाळावर तीच आठी. बाइंडर चष्म्यावरून तिच्याकडे बघायचे, मान खाली घालायचे आणि लिहायचे. चुका लिहिताना ते असेच दिसायचे. जुनी चुकांची वही संपत आली होती, म्हणून नवी चुकांसाठीच शिवून घेतली असं तिनं धरलेलं. पण शनिवारी वाचायला निघायची ती जुनीच. मग या नवीत जातं तरी काय? तिच्या मनात पाल चुकचुकली. तोंडावर वाचून दाखवताही येऊ नयेत, अशा माझ्या काय चुका, असं तिला वाटायचं.

एकदा तिनं धीर करून विचारलं, "बाबा, यात काय लिहिता?"

बाइंडर चोरी पकडल्यासारखे गोरेमोरे झाले. माझ्यावर चटकन हात ठेवून म्हणाले, "काही नाही. तुमच्या कामाचं नाही ते."

तिचा चेहरा उतरला. त्यानंतर तिचं गुणगुणणं थांबलं, आणि बाइंडरांना ते का थांबलं हे कळेना. '३. सूनबाईंनी गुणगुणावं असं फार वाटतं,' असंही त्यांनी मलाच लिहिलं. अहो, मला काय सांगता? ती तीन हातांवर बसली आहे!

तिचा भाऊ दुसऱ्या गावी एका मोठ्या छापखान्यात होता. त्यानं तिच्यासाठी जागा बघितली. एका शनिवारी चुकांचं वाचन झालं आणि ती म्हणाली, "दादा बोलावतोय, बाबा. बाइंडिंग खात्यात जागा आहे. जाऊ का?"

मी टेबलावर होते. माझा जीव टांगणीला लागला. बाइंडरांनी घसा खाकरला. दाबयंत्राचं चाक उगाच थोडं फिरवलं, परत सैल केलं. 'राहा' म्हणायला केवढा वेळ लागतो? पण तिला अडवायचा आपल्याला काय अधिकार, मुलगा तर राहिला नाही, असं काहीतरी त्यांच्या डोक्यात असावं. ते म्हणाले, "तुमची मर्जी. तुमचं सगळं आयुष्य पडलंय."

तिनं सुईत दोरा ओवला, काढला, पुन्हा ओवला. आणखी काहीतरी येईल म्हणून वाट बघत होती, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. मग ती जिना चढून वर गेली.

बाइंडरांनी मला उघडलं. पहिली ओळ नाही, दुसरी नाही. थेट तीन आकडा घातला आणि पुढे लिहिलं, 'सूनबाई, जाऊ नका.' पेन्सिल इतकी दाबली की खालच्या पानावर वळ उठला. मला वाटलं, आता तरी मला उचलून वर नेतील. त्यांनी मला खणात ठेवलं.

सोमवारी ती गेली. त्यानंतर त्यांनी मला हात लावला नाही. झोप पुन्हा गेली, जेवण पुन्हा चार घासांवर आलं. पत्रं यायची, त्यांना उत्तरं जायची: 'इकडे सर्व ठीक.' सात महिन्यांनी बाइंडर गेले. ती निरोप मिळताच निघाली, पण पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

एका कार्यालयाची वीस रजिस्टरं अर्धवट पडली होती. सासऱ्यांनी घेतलेलं काम पुरं करून मगच जायचं, असं तिनं ठरवलं. कण्यात घालायला कागद हवा म्हणून खण उघडला, तर आम्ही दोघी बहिणी शेजारी शेजारी. तिच्या दृष्टीनं दोन्ही चुकांच्याच. तिनं आधी मला घेतलं. डोळ्यांत पाणी होतं, पण पद्धत म्हणजे पद्धत. तिनं पानांकडे पाहिलंच नाही. मागच्या पानांपासून उसवायला लागली, पट्ट्या कापल्या, लिहिलेल्या बाजूवर खळ फासली. स्वतः घातलेली ती सरळ शिवण तिनं स्वतःच्या हातांनी उसवली. पहिल्या दिवशी अकरा रजिस्टरं झाली आणि कार्यालयाची गाडी येऊन ती घेऊनही गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक पट्टी नीट बसेना. तिनं ती सोलून काढली, पुन्हा खळ लावायला उलटी केली, आणि ओलसर कागदावर तिला दिसलं, 'सूनबाईंची शिवण. माझ्या उमेदीतही'. पुढचं कापलं गेलं होतं.

ब्रश तिच्या हातातून गळून पडला. दाबातलं रजिस्टर तिनं बाहेर काढलं, कणा फाडला, पट्टी सोडवली. मग माझी उरलेली पानं घेऊन खाली फरशीवर बसली आणि पहिल्या पानापासून वाचत गेली. डॉक्टरीणबाई, नळाचं पाणी, कोरी तिसरी ओळ, चष्मा. वाचता वाचता ती हुंदके देऊन रडायला लागली. "बाबा," ती म्हणाली, "एकदा तोंडानं म्हणायचं होतंत हो. मी कशाला गेले असते?"

ती त्या कार्यालयातही जाऊन आली. कारकून भला होता. त्यानं कपाट उघडून दाखवलं आणि म्हणाला, "बाई, तुमची रजिस्टरं त्याच दिवशी शाखांना वाटली गेली. कुठं कुठं शोधणार?"

आता ती इथंच राहते, दुकान चालवते. माझी उरलेली पानं तिनं नव्यानं शिवली आहेत आणि ती माझ्यात रोज लिहिते. समासात, ओळींच्या मधल्या जागेत, जिथं जागा सापडेल तिथं. तिलाही थोडी थोडी झोप लागायला लागली आहे.

तुम्हीही वही ठेवा. माझ्यासारखी साधी चालेल, दिवसाला तीन ओळी पुरतात, आणि बरं वाटतं हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण वही मिटली की उठा. ज्या माणसाबद्दल लिहिलंत ते शेजारच्या खोलीत असेल, नाहीतर जिन्याच्या वर. त्याच्यापर्यंत पोचणं माझ्या हातात नाही, हात जोडून सांगते.

कुठल्या तरी शाखेतल्या कपाटात एक जाड काळं रजिस्टर उभं आहे. लोक येतात, उघडतात, सही करतात, मिटतात. त्याच्या कण्यात, खळीखाली, माझी एक पट्टी आहे. ती तिनंच तिथं चिकटवली. 'सूनबाई, जाऊ नका' हे त्यांनी लिहिलं होतं, हे तिला अजून माहीत नाही.