डावीकडे वळलेली मुलगी

तय्यबला कॅमेरे बसवता येत होते, पण त्याहून चांगलं त्यांचं कौतुक करता यायचं. लातुरात क्लासेसच्या भागात होस्टेलं इतकी झाली होती की त्याला दुपारी धड जेवायला फुरसत नसे. जूनमध्ये पालक पोरींना घेऊन आले की होस्टेलच्या मालकीणबाई उमाबाई त्याला मुद्दाम बोलावून घ्यायच्या. मग हा पडद्यासमोर उभा राहून ऐटीत सांगायचा, "आठ मेगापिक्सल हाय. पोरीच्या चेहऱ्यावरचा तीळसुद्धा दिसतो."

उमरीहून आलेल्या अण्णारावांनी हे फारच मनावर घेतलं. त्यांनी लेकीला, आरतीला, फाटकात नेऊन उभं केलं आणि स्वतः ऑफिसात येऊन पडद्याला नाक लावलं. तय्यबनं चित्र मोठं केल्यावर हनुवटीवरचा तीळ खरंच दिसला. आरती हसू दाबत उभी होती, तेही दिसलं. अण्णाराव म्हणाले, "मंग झालं. हितंच ठिवतो." आणखी दोन होस्टेलं बघायची ठरली होती, ती त्यांनी बघितलीच नाहीत.

तय्यबनं एक गोष्ट मात्र सांगितली नव्हती, कुणालाच सांगत नसे. पडद्यावर चालू दिसतं ते वेगळं आणि मशीनमध्ये साठतं ते वेगळं. पूर्ण दर्जानं साठवलं तर डिस्क आठ-दहा दिवसांत भरायची, आणि उमाबाईंना रेकॉर्डिंग महिनाभराचं हवं होतं. मोठी डिस्क घ्या म्हटलं की त्या विषय बदलायच्या. म्हणून त्यानं साठवणीचा दर्जा पार खाली आणून ठेवला होता. शिवाय फाटक, गाड्यांची जागा आणि रस्त्याची दोन्ही टोकं एकाच कॅमेऱ्यात बसवायची उमाबाईंची हौस, त्यामुळे माणूस दिसायचा बोटाएवढा. आजवर कुणाचं अडलं नव्हतं. चप्पल चोरीला गेल्याची तक्रार तेवढी आली होती.

ऑक्टोबरातल्या एका सोमवारी आरती सकाळी सहाला क्लासला निघाली आणि क्लासला पोचलीच नाही. आदल्या दिवशी टेस्टचा निकाल लागला होता आणि तिचे मार्क बरेच घसरले होते. फोन होस्टेलच्या कपाटात कुलपात होता, तिथे सगळ्याच पोरींचे असतात. मंगळवारी सकाळी अण्णाराव उमाबाईंच्या ऑफिसात बसलेले होते, सोबत एक हवालदार. तय्यबनं सोमवारचं रेकॉर्डिंग लावलं.

फाटकातून तीस-चाळीस पोरी एकदम बाहेर पडल्या. शेजारच्या दोन होस्टेलच्या पोरी त्यांच्यात मिसळल्या. सगळ्यांच्या पाठीवर क्लासनं दिलेली एकसारखी निळी बॅग, आणि सगळ्यांचे चेहरे स्कार्फनं डोळ्यांपर्यंत गुंडाळलेले. लातुरात पोरी पहाटेसुद्धा स्कार्फ बांधल्याशिवाय रस्त्यावर पाऊल टाकत नाहीत. घोळका सरळ क्लासकडे गेला. एक पोर त्यातून सुटून डावीकडे, नांदेड रस्त्याकडे वळली. एक उजवीकडे, औशाच्या बाजूला.

"मोठं करा," अण्णाराव म्हणाले.

तय्यबनं मोठं केलं. पोरीच्या जागी करडे-निळे चौकोन उरले.

"आजून करा."

"आता मोठं केलं तरी काही निघत न्हाई, मामा."

"तीळ दिसतो म्हणला होता तुमी."

उमाबाई तय्यबकडे रोखून बघत होत्या. अण्णारावांनी ती दोन-तीन सेकंदं पंधरा वेळा बघितली असतील. मग डावीकडच्या पोरीवर बोट ठेवून ते हळूच म्हणाले, "चालीवरनं हीच वाटती. हिमायतनगरला मावशी हाय तिची. रुसून तिकडं चालली आसंल. हीच हाय ना ओ, तय्यबभाई? तुमाला यातलं कळतं."

यातलं तय्यबला एवढंच कळत होतं की या चित्रावरून सख्ख्या आईलाही काही सांगता यायचं नाही. पण मावशीचं नाव घेताना त्या माणसाच्या चेहऱ्यावर जीव आला होता. तो घालवायची तय्यबची छाती झाली नाही. आणि खरं सांगायचं तर उमाबाईंसमोर स्वतःची लबाडी उघडी करायचीही झाली नाही. तो म्हणाला, "हाव मामा. हीच."

हवालदारानं लिहून घेतलं, नांदेडकडे.

पाच दिवस अण्णाराव आणि त्यांचे भाऊबंद तिकडेच फिरले. हिमायतनगरची मावशी, नांदेडचं स्टेशन, गुरुद्वाऱ्यातला लंगर, सगळीकडे फोटो दाखवून झाला. रविवारी सोलापूरहून फोन आला. सोमवारी सकाळी औशाच्याही पुढे, सोलापूरच्या रस्त्यावर एका गाडीनं उडवलेली अनोळखी मुलगी तिथे दवाखान्यात आणली होती. बॅग कुठेतरी उडून पडली होती, अंगावर नाव-गाव सांगणारं काही नव्हतं. ती चार दिवस होती. शुक्रवारी पहाटे गेली. नर्स म्हणाली, मधे दोनदा डोळे उघडले होते.

तय्यबला हे उमाबाईंनीच सांगितलं आणि वर म्हणाल्या, "आता कुठं बोलू नका काही." तो महिनाभर होस्टेलकडे फिरकला नाही. तिथून फोन आला की उचलत नसे. त्याच्या स्वतःच्या लेकीनं, जिक्रानं, शाळेला जाताना स्कार्फ बांधला की तो उठून मोरीत जायचा आणि उगाच तोंड धूत बसायचा.

शेवटी अण्णाराव आरतीची पेटी न्यायला आलेत असं वॉचमननं मेसेज टाकून कळवलं, तेव्हा तो गेला. अण्णाराव फाटकाबाहेर पेटीवर बसून रिक्षाची वाट बघत होते. तय्यब त्यांच्यासमोर जमिनीवर बसला आणि सगळं सांगून मोकळा झाला. दर्जा कमी केल्याचं, खोटं बोलल्याचं, उमाबाईंना भ्यायल्याचं. "चूक माझी हाय मामा. मारा मला. त्या चित्रात कुणालाच कोण ओळखू येत नव्हतं."

अण्णारावांनी सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत. रागावले असते तर तय्यबला बरं वाटलं असतं.

"तुमी काय, मशीनवाले," ते म्हणाले. "मशीननं तिला कडंवर घेतली व्हती का? मी घेतली व्हती. चार वर्षाची हुईपर्यंत मळ्यापस्तोर रोज घिऊन जायचो. मला वळखू यायला पायजे व्हती."

"मामा, कुणालाच..."

"दुसऱ्याच्या लेकीवर बोट ठिवलं मी." त्यांनी आपलं ते बोट दुसऱ्या हातात धरलं होतं. "आन् माझी तिकडं डोळे उघडून बघत व्हती, कोन आलं का म्हनून."

रिक्षा आली. पेटी चढवायला तय्यबनं हात लावला, तो त्यांनी लावू दिला.