मोठ्या दारातलं धाकटं दार

मी एक जुना दिंडी दरवाजा आहे. जुन्या जालन्यातल्या एका सराईच्या भल्यामोठ्या दारात बसवलेलं धाकटं दार. धाकटा म्हणून हसू नका, मित्रांनो! संध्याकाळी मोठं दार मिटलं की अख्ख्या सराईची मदार माझ्यावर असायची. अंग सागवानाचं, उंची माणसाच्या छातीपर्यंत, उंबरा गुडघ्याएवढा. आत यायचं तर मान लववूनच. जरीचे फेटे सावरत बडेबडे कापडवाले माझ्यापुढे वाकले आहेत, तेव्हा माझा तोरा काय विचारता!

पुढे सराई बंद पडली. आत धान्याची गोदामं झाली. मोठ्या दाराला आतून पोत्यांची थप्पी लागली आणि ते कायमचं मिटलं. हमाल माझ्यातूनच वाकून पोती नेत, पण माझ्याकडे कोणी ढुंकून बघेना. कोणी पोस्टरं चिकटवली, कोणी पान खाऊन पिचकारी मारली. फार लागलं मला ते.

मग शीतल आली. दर रविवारी ती लोकांना जुनं शहर पायी फिरवून दाखवते. लोक पायी, आणि ती चाकाच्या खुर्चीत, सगळ्यांच्या पुढे. लहानपणापासून तिचे पाय चालत नाहीत, पण जीभ अशी चालते की रिक्षावालेही हॉर्न विसरून ऐकत राहतात. वेशी, कमानी, लाकडी सज्जे दाखवत ती माझ्यापाशी आली आणि माझं कौतुक करू लागली की माझी छाती फुगायची. मात्र त्यानंतर ती लोकांना आत पाठवायची आणि स्वतः गल्लीतच थांबायची. माझ्या उंबऱ्यावरून खुर्ची जात नव्हती. आतला चौक, कमानींवरचे दगडी मोर, सगळं तिनं फोटोतच पाहिलेलं. गोदामातले हमाल कडूबा तिला म्हणायचे, चल, उचलून नेतो. ती हसून सांगायची, "काका, पोतं हाय का मी? जाईन तं माझ्या खुर्चीतच जाईन."

गेल्या हिवाळ्यात पुण्याचे एक निवृत्त इंजिनियर, शरदचंद्र, तिच्याबरोबर फिरायला आले होते. आत जाऊन आले आणि विचारू लागले, सगळे मोर एका बाजूला बघतात, मग एकाचीच मान उलटी का? शीतल कधी उत्तराला अडत नाही.  त्या दिवशी मात्र ती सगळ्यांदेखत म्हणाली, "मला न्हाई माहीत. मी आत कधी गेलेच न्हाई."

शरदचंद्र बिचारे ओशाळले. कडूबा हातगाड्यावर बसून चहा पीत होते, त्यांनी कप खाली ठेवला आणि मोठं दार खोलायचं म्हणून उठले. गोदामवाले शेठ कुरकुरले. पोती हलवायला अर्धा दिवस जाईल, बिजागऱ्या गंजल्यात, दार मोडलं तर कोण भरून देणार?

"शेठ," कडूबा म्हणाले, "या दाराची तारीफ करून करून पोरीचा घसा बसला. अन् तिलाच आत घेत न्हाई. हे बराबर हाय का?"

शेठ बाजूला झाले. हमाल पोत्यांना भिडले. शरदचंद्रांनीही बाह्या सरसावल्या. एका पोत्यातच घामाघूम झाले, पण हटले नाहीत. शेवटी शेठच तेलाचा डबा घेऊन आले. दार करकरलं, अडलं. खांदे लागले. माझा जीव मुठीत! या वयात निखळलो तर कोण पुन्हा बसवणार? आणि मग मोठं दार हललं, आणि त्याच्याबरोबर मीही बाजूला सरलो. मित्रांनो, जन्मभर लोकांना वाकवण्यात मोठेपणा मानला, पण त्या दिवशी वाट देताना जी शान वाटली, ती कधीच वाटली नव्हती.

शीतलनं चाकांना हात घातला. कोणी ढकललं नाही. ती ताठ मानेनं आत गेली आणि चौकात थांबून कितीतरी वेळ मोरांकडे बघत राहिली. बाहेर कोणाचं पाऊल उचलेना. मग तिनं आतून हाक मारली, "या की सगळे! हा उलट्या मानेचा मोर दाराकडं बघून राह्यला. कुणाची तरी वाट बघत आसंल."

कडूबांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि सगळ्यांत आधी आत गेले.

मित्रांनो, जुन्या वास्तूंना तेलपाणी करा, त्यांच्या अंगावर काही चिकटवू नका. पण तेवढ्यानं भागत नाही. ज्याला आत यावंसं वाटतं त्याला येता आलं पाहिजे, नाहीतर आमचं सागवान काय कामाचं? रविवारी जालन्यात असाल तर अवश्य या. मोठं दार सताड उघडं असतं आणि शीतल आत असते.