माझ्या मुठीवरची पेन्सिलची रेघ

मी एक जुने धनुष्य आहे. बाण मारायचे धनुष्य, भिंतीवर टांगायचे नव्हे. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेले बरे, कारण मला पाहिल्यावर बहुतेकांना आधी खिळा आठवतो.

मित्रांनो, माझा जन्म लखनौच्या आलमबागेत, बस अड्ड्यामागच्या एका गल्लीत झाला. दीनानाथ मिस्त्रींनी मला घडवले. आत बांबूची पट्टी, पोटाला म्हशीचे शिंग, पाठीला जनावराच्या स्नायूंची तांत, आणि या सगळ्यांना एकत्र धरून ठेवणारा सरस. तो वाळेपर्यंत मी कित्येक महिने माळ्यावर पडून होते. माझ्या दोन गोष्टी नीट लक्षात ठेवा. एक म्हणजे, दोरी उतरवली की मी चक्क उलट्या बाजूला वाकते. दोरी चढवायची तर मला त्या बाकाच्या विरुद्ध वळवावे लागते. माझा सगळा जोर त्यातच आहे. दुसरे म्हणजे, माझ्या मुठीला बाण टेकवण्यासाठी खाच नाही. बाण धरणाऱ्याच्या हातावरच टेकतो. त्यामुळे मला कोणी डाव्या हातात धरो की उजव्या, मला दोन्ही सारखेच.

आता तुम्हाला वाटेल, मिस्त्रींच्या दुकानात आलेले लोक असे काही विचारत असतील. छे! दंड फुगवलेले तरुण यायचे आणि म्हणायचे, "सबसे भारी वाला दीजिए, भैया." ते भारी धनुष्य त्यांच्याकडून अर्धेही ओढले जायचे नाही, तरी तेच घेऊन जायचे. कोणी रंग पाहून घेत होते, कोणी लांबी पाहून. मला एका फोटो स्टुडिओने घेतले ते मुठीवरच्या लाल मखमलीमुळे. माझ्याबद्दल कोणी काही विचारलेच नाही.

त्या स्टुडिओत नवरदेव शेरवानी घालून यायचे, मला हातात घ्यायचे आणि बाण न लावताच दोरी ताणून फट्‌कन सोडून द्यायचे. वर हसायचे! अरे बाबांनो, बाणात जायचा जोर बाण नसला की माझ्याच अंगात परत येतो. माझे प्रत्येक हाड ठणकायचे. शिवाय दोरी कोणी उतरवायचेच नाही. रात्रंदिवस ताणलेली राहून मी अगदी चिडखोर झाले, आणि तो स्वभाव अजून गेलेला नाही. फोटो मात्र छान यायचे म्हणे.

स्टुडिओने जुने सामान काढले तेव्हा कुठे माझी दोरी उतरली, आणि चंद्रहासरावांनी मला अलीगंजच्या आपल्या घरी आणले. चंद्रहासराव शास्त्रज्ञ, त्यांच्या पत्नी विभाताईही शास्त्रज्ञ. चला, शिकलेल्या घरात पडले, असे मला वाटले. पहिल्याच संध्याकाळी चंद्रहासरावांनी मला गुडघ्यावर घेतले आणि मी ज्या बाजूला वाकले होते त्याच बाजूला आणखी वाकवून दोरी चढवायला निघाले. माझ्या पाठीत कळ गेली. सरस कुरकुरला.

"बाबा, उलटा है! टूट जाएगा!" त्यांची मुलगी रुचिरा ओरडली, म्हणून मी आज तुमच्याशी बोलते आहे.

ही रुचिरा तिरंदाजी शिकत होती. सुट्टी संपली की शाळेचा संघ निवडला जाणार होता, आणि तिला त्यात जायचेच होते. अडचण एकच होती. तिचा प्रत्येक बाण डावीकडे जायचा. माझ्याआधी घरात आलेली धनुष्ये कोपऱ्यात उभी होती. सगळी नवी, खाच असलेली, उजव्या हाताने ओढणाऱ्यांसाठीची. प्रत्येक वेळी चंद्रहासराव लेकीची उंची मोजत, हात मोजत, आणि विमानप्रवासाच्या बॅगा तोलायचा काटा दोरीला अडकवून ताणही मोजत. आकडे जुळले की धनुष्य घरात, आणि बाण डावीकडे गेले की धनुष्य कोपऱ्यात. त्या बिचाऱ्यांचा काडीइतकाही दोष नव्हता.

माझ्यावरूनही बाण डावीकडेच गेले. गच्चीवर नेमासाठी टांगलेले भुश्याचे पोते तसेच न टोचलेले लटकत राहिले. रुचिराने मला खाली ठेवले आणि हळूच म्हणाली, "इससे भी नहीं हुआ तो मैं छोड़ दूँगी, बाबा."

"असं नाही म्हणायचं. मला कळलंय काय होतंय ते," चंद्रहासराव म्हणाले. "ह्याला खाचच नाहीये ना, म्हणून बाण सरकतो. डाव्या अंगाला एक खाच पाडू. आणि नाहीच जमलं, तर हॉलमध्ये लावू. छान दिसेल."

त्यांनी मखमल सोलली आणि माझ्या मुठीवर पेन्सिलने एक रेघ मारली. अगदी पट्टी लावून, सरळ! मित्रांनो, तेवढा बांबू कोरून काढला असता तर मी पहिल्याच ताणाला मुठीत मोडले असते. आणि मी मोडले असते तर ती पोर पुन्हा धनुष्याला हात लावणार नव्हती. हे मला दिसत होते, पण मला कोण विचारतो? मी ओरडू शकत नाही. मी फक्त मोडू शकते.

रविवारी विभाताईंना कामासाठी मलिहाबादच्या एका बागेत जायचे होते. आंब्यावरच्या किडींचा अभ्यास हे त्यांचे काम. घरात कानशीचा आवाज नको म्हणून चंद्रहासरावांनी मलाही गाडीत घातले, कानस घातली, आणि वर उत्साहाने भुश्याचे पोतेही घातले. बागेत पोचल्यावर त्यांनी झाडाला पोते टांगले, मला खाटेवर आडवे केले आणि कानस कुठून चालवायची ते बघत बसले.

थोड्या अंतरावर विभाताई एका पानावरची कीड बघत होत्या. त्यांनी भिंग रुचिराकडे दिले. "बघ, पाय दिसतात का?"

रुचिराने भिंग डोळ्याला लावले. विभाताई तिच्याकडे बघतच राहिल्या.

"डाव्या डोळ्याला का लावलंस गं?"

"ऐसे ही दिखता है, आई. दूसरे से अजीब लगता है."

"हात पुढे कर. दोन्ही तळव्यांच्या मध्ये एवढंसं भोक ठेव. त्यातून समोरचा तो आंबा बघ. दिसला? आता डावा डोळा मीट."

"अरे! आम गायब!"

"डावा उघड, उजवा मीट."

"है. वहीं है."

तोवर इकडे कानशीची धार मुठीवरच्या रेघेला टेकली होती. मी श्वास रोखला, म्हणजे मला श्वास असता तर रोखला असता.

"चंद्रहास! थांब, ते खाली ठेव!" विभाताई पदर सावरत धावत आल्या. "पोरीचा मुख्य डोळा डावा आहे. ओढते उजव्या हाताने, आणि नेम धरते डाव्या डोळ्याने. बाण डावीकडे नाही जाणार तर काय होणार? आपण नुसती धनुष्यं बदलत बसलोय!"

चंद्रहासरावांनी कानस खाली ठेवली. "हे मोजायचं राहिलंच की," ते म्हणाले.

राहिलेच! काटा झाला, पट्टी झाली, बिचारी धनुष्ये कोपऱ्यात गेली, आणि पोरीला एक डोळा मिटायला सांगायचे राहिले. मला त्यांचा इतका राग आला होता की काय सांगू. पण ते सगळे त्यांनी लेकीसाठीच केले होते, म्हणून पुरता रागही धरता येईना.

रुचिराने मला उजव्या हातात धरले आणि डाव्या हाताने दोरी ओढली. तिला ते फार अवघड गेले. कोपर थरथरले, दात आवळले गेले. कोपऱ्यातल्या त्या नव्या धनुष्यांना असे उलटे धरताच आले नसते. त्यांची खाच एकाच बाजूला असते. मला मात्र आले.

पहिला बाण पोत्याच्या अलीकडेच मातीत रुतला. पण तो डावीकडे गेला नाही.

"बाबा! सीधा गया! देखा?"

"बघितलं गं, बघितलं!" चंद्रहासराव ओरडले. पुढचे काही बाण वर गेले, काही खाली, आणि मग एक भुश्यात रुतला. मला इतका आनंद स्टुडिओच्या इतक्या वर्षांत एकदाही झाला नव्हता. रडता येत असते तर रडलेही असते, पण सरसाला ओल सोसत नाही.

मग बादलीतले गार दशहरी आंबे खायला हाक आली, आणि सगळे मला दोरीसकट उन्हात टाकून पळाले. घ्या! म्हणून, मित्रांनो, हात जोडून सांगते. धनुष्य निवडताना आधी स्वतःकडे नीट बघा. बाण लावल्याशिवाय दोरी सोडू नका. आणि काम झाले की आम्हाला सैल करा हो. सदा ताणलेले राहून कोणाचेही भले होत नाही.

मी अशी चडफडत असताना चंद्रहासराव परत आले. हात धुऊन, पुसून आले होते. त्यांनी मला सावलीत नेले, दोन्ही बाजूंनी निरखून पाहिले आणि दोरी उतरवली. या वेळी मला बरोबर बाजूला वळवून उतरवली. मी हळूहळू माझ्या बाजूला वाकले. मग त्यांनी अंगठ्याने ती पेन्सिलची रेघ पुसायला घेतली, पण घासता घासता थांबले.

"राहू दे, आठवणीला," ते स्वतःशीच म्हणाले, आणि मखमल पुन्हा तिच्यावर बसवली.