दादाचं आणि माझं लग्न

मालिकेत जो माझा सख्खा भाऊ होता, त्याच्याशीच मला लग्न करायचं होतं. खरं तर आमचं ना नातं ना गोतं. सेटवर एकत्र डबे खाता खाता जमलं. पण हे बाबांना कोण समजावणार? मालिका लागली की ते फोनसुद्धा उचलत नाहीत.

"तू त्याला रोज दादा म्हणतेस," बाबा म्हणाले. "अख्खी गल्ली ऐकते. आणि उद्या त्यालाच जावई म्हणून दारात उभा करू?"

"बाबा, ते नाटक आहे!"

"मग गेल्या महिन्यात तू नाटकातच विष प्यायलीस, तेव्हा मला ताप कशाला आला?"

आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. त्यांना दुखवून, पळून जाऊन लग्न करायला माझं मन धजेना. आणि त्याला सोडायलाही.

शेवटी मालिकेच्या लेखिकाबाईंचे पाय धरले. या बाईंनी आमच्या खाष्ट काकूला दोनदा मारून जिवंत केलंय आणि काकांचं तीन ठिकाणी सूत जुळवलंय. माझी रडकथा ऐकत त्यांनी शांतपणे चहा संपवला.

"एवढंच ना? दवाखान्यात बाळं बदलली होती. आजच लिहायला घेते."

तो भाग मी बाबांच्या शेजारी बसून पाहिला. मालिकेतली आत्या भर दिवाणखान्यात ओरडली, "हा आपल्या रक्ताचा नाही!" कॅमेरा प्रत्येकाच्या तोंडावर तीन-तीनदा फिरला. तिथल्या आईने पाठ फिरवली आणि दादा बॅग उचलून घराबाहेर पडला. जाहिराती लागल्यावर इकडे बाबांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"काय बाई आहे! लहानाचं मोठं केलेलं पोर असं घालवून देतात?"

"बाबा, आता तो माझा भाऊ नाही," मी हळूच म्हटलं.

"दिसलं मला. आंधळा नाही मी." मग चष्मा परत चढवत म्हणाले, "जेवला असेल का गं तो?"

"नाही. खाली बाइकवर बसलाय, तुम्ही काय म्हणताय ते ऐकायला."

"अगं मग वर बोलाव ना! त्या बिचाऱ्याला आता आपल्याशिवाय आहे कोण?"

त्याचे खरे आईवडील चांगले धडधाकट आहेत. पण मी कशाला तोंड उघडते! चप्पलसुद्धा न घालता जिना उतरत सुटले.